बारा मिलिमीटर

लोटस सेव्हन या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत बसले की बॉनेटच्या दोन्ही बाजूंना पुढची चाके उघडी दिसतात. आजच्या गाडीत चाक आपल्याला दिसतच नाही. ते पत्र्याखाली आपले काम करत असणार असे आपण धरून चालतो. सेव्हनमध्ये मात्र खड्ड्यात उतरणारे, उंचवट्यावर चढणारे, वळणारे चाक सतत डोळ्यांसमोर असते, आणि त्याला सांगाड्याशी बांधून ठेवणारे नळ्यांचे दोन त्रिकोण, एक खाली आणि एक वर, त्याच्याबरोबर हलताना दिसतात. या त्रिकोणांना विशबोन म्हणतात. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहत असताना मी या गाडीची प्रतिकृती घरामागच्या गॅरेजमध्ये बांधली. त्या कामाला साडेचार वर्षे लागली, आणि त्यांतली जवळजवळ दोन वर्षे या त्रिकोणांनी घेतली. त्या दोन वर्षांविषयी मला लिहायचे आहे.

बाबांचे भायखळ्याला गॅरेज होते. दारात कायम काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी उभ्या असत. पद्मिनीच्या पुढच्या चाकांनाही वर-खाली दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग असे, आणि मुंबईच्या पावसाळ्यानंतर त्यांच्या सांध्यांतले बुश हमखास जात. ‘पुढचं काम निघालंय’ एवढेच टॅक्सीवाला म्हणे आणि बाबांना सगळे समजे. काम संपले की बाबा मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून चाकाचा रोख तपासत. सुतळीचे दुसरे टोक धरायचे काम माझ्याकडे असे. ‘दोरी रबराला टेकली पाहिजे, दाबली नाही पाहिजे,’ हे वाक्य मी शाळेत पाढे शिकलो त्या वयात शिकलो. गाडी सरळ उभी असताना चाक सरळ दिसणे त्यांना पुरेसे वाटत नसे. बंपरवर दोन्ही हातांनी जोर देऊन ते गाडी खाली दाबत आणि मला विचारत, ‘बघ, तोंड फिरवतंय का?’ खड्ड्यात गेल्यावर चाकाने तोंड फिरवता कामा नये, हा त्यांचा नियम होता. त्यांनी तो कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तोवर बाबांचे गॅरेज बंद होऊन बरीच वर्षे झाली होती, पण तो प्रश्न माझ्या कानात तसाच राहिला.

लोटस सेव्हन १९५७ साली आली. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी ती ज्या ब्रिटनमध्ये बनवली, तिथे तयार गाडीवर खरेदीकर लागे आणि सुट्या भागांच्या संचावर लागत नसे, त्यामुळे पुष्कळ गिऱ्हाइके खोक्यांतून आलेली गाडी आपल्याच हातांनी जोडत. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला, ही सवलत संपली, आणि त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क कॅटरहॅम या कंपनीने घेतले. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन माणसे आणि एक इंजिन, असा अर्ध्या टनाच्या आसपासचा हा ऐवज इतका साधा होता की त्याच्या प्रतिकृती जगभर झाल्या. आपल्याकडे अलिबागला चिंकारा मोटर्सनेही इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन घालून याच घाटाची रोडस्टर बनवली, आणि ती पाहूनच हे वेड प्रथम माझ्या डोक्यात शिरले.

प्रतिकृती म्हटली की लोक आकाराकडे पाहतात. नाकाची गोलाई जमली का, मडगार्ड मूळ गाडीसारखे आहेत का, दिवे योग्य उंचीवर आहेत का, हे पाहणारे पुष्कळ भेटतात. माझीही सुरुवात तशीच झाली, आणि मूळ गाडीचे पुढचे सस्पेन्शन जसेच्या तसे उतरवायचे असे मी ठरवले. ते नीट अभ्यासल्यावर माझ्या लक्षात आले की मुळात तेच दुसऱ्यांच्या गाड्यांतून जमवलेले होते. चाकाचा मधला उभा भाग, ज्याला अपराइट म्हणतात, तो नंतरच्या सेव्हनमध्ये ट्रायम्फ हेराल्ड या साध्या घरगुती गाडीचा होता. ती ट्रायम्फ कॉव्हेंट्रीतल्या कॅनलीच्या कारखान्याची. माझ्या घरापासून तो परिसर सायकलने वीस मिनिटांवर आहे, आणि तिथले गाड्यांचे उत्पादन १९८० मध्येच थांबले. चॅपमन यांच्याकडे स्वतःचे अपराइट ओतून घेण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी बाजारात स्वस्त मिळणारा भाग घेतला, आणि त्याच्याभोवतीचे सगळे बिंदू स्वतः नव्याने ठरवले.

वरचा त्रिकोण तर त्याहून पुढचा होता. त्या त्रिकोणाला दोन पाय हवेत, एक मागचा आणि एक पुढचा. मूळ सेव्हनमध्ये पुढचा पाय वेगळा नव्हताच. गाडी वळणावर कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी जी आडवी पोलादी दांडी असते, त्या अँटी-रोल बारचेच टोक वळवून तिथे आणले होते. एक दांडी कल आवरते आणि तीच ब्रेक लागताना चाकाला पुढे-मागे हलू देत नाही. वजन वाचते, नळी वाचते, दोन जोड वाचतात. हे पहिल्यांदा समजले त्या रात्री मला झोप लागली नाही, इतके ते सुंदर आहे. माझ्या गाडीत ते घेता येत नाही हे समजायलाही मला फार दिवस लागले नाहीत.

कारण हिशेबात होते. ब्रेक दाबल्यावर रस्ता चाकाला मागे ओढतो तो जमिनीच्या पातळीवर. माझ्या गाडीत खालचा जोड जमिनीपासून १७० मिलिमीटरवर आणि वरचा ४०० मिलिमीटरवर येणार होता, म्हणजे दोघांत अंतर २३०. चाकावर जोरदार ब्रेकला २,००० न्यूटन बल आले, तर तरफेच्या नियमाने खालच्या जोडावर सुमारे ३,५०० न्यूटन मागच्या दिशेला येतात आणि वरच्या जोडावर सुमारे १,५०० न्यूटन उलट, पुढच्या दिशेला. वरच्या पुढच्या पायाला हा भार घ्यायचा असतो. शिवाय माझा सांगाडा आराखड्यापेक्षा १०० मिलिमीटर रुंद होता. तो मी एका माणसाने अर्धवट सोडलेला विकत घेतला होता, आणि त्यावर बेतलेली दांडी कुठेही तयार मिळणार नव्हती. ती वाकवून, पाणी देऊन, तिच्या पोलादाची खात्री करून घेण्याची सोय माझ्या गॅरेजमध्ये नव्हती. जिच्यावर ब्रेक आणि वळण या दोन्ही गोष्टी अवलंबून आहेत, ती वस्तू अंदाजावर सोडणे मला मान्य नव्हते. तेव्हा वरचा त्रिकोण पूर्ण नळ्यांचा करायचा ठरला. मूळ गाडीशी प्रामाणिक राहण्याचा याहून वेगळा मार्ग मला दिसेना: चॅपमन यांनी जे बनवले ते उतरवून काढण्याऐवजी, त्यांनी जे केले ते करायचे, म्हणजे हाताशी असलेला भाग घ्यायचा आणि बिंदू आपण ठरवायचे.

हाताशी होते ते फोर्ड कॉर्टिनाचे अपराइट. कॉर्टिनाचे उत्पादन १९८२ मध्ये थांबले, पण घरी सेव्हन बांधणारी मंडळी ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे तेच वापरत आली आहेत. ते जड आहेत, हे खरेच. ट्रायम्फचे हलके, पण त्यांच्या खालच्या टोकाला, वाटीत गोळा फिरतो तशा बॉल जॉइंटऐवजी, पितळी आटे असतात. चाक वळताना अपराइट त्या आट्यांत फिरतो, आणि त्यात ग्रीस नव्हे तर गिअरचे जाड तेल घालावे लागते. ते वेळेवर घातले नाही तर आटे कोरडे पडतात आणि एक दिवस अपराइट तिथेच तुटून चाक आडवे होते. वजनाच्या बदल्यात मी निर्धास्तपणा घेतला. कॉर्टिनाच्या वरच्या टोकाला फोर्डच्याच ट्रान्झिट व्हॅनच्या स्टिअरिंगमधला एक जोड बसतो. त्याच्या शेपटीला १८ मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतात, त्यामुळे तो विशबोनमध्ये आत-बाहेर फिरवून चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, बदलता येतो. एक पूर्ण फेरा म्हणजे दीड मिलिमीटर, आणि २३० च्या उंचीवर दीड मिलिमीटर म्हणजे ०.३७ अंश. अर्धा फेरा देता येत नाही, कारण मग त्या जोडाचा अपराइटमध्ये शिरणारा खिळा खाली येण्याऐवजी वर येतो. माझ्या गाडीचा कॅम्बर म्हणून आजही ०.३७ च्या पायऱ्यांनीच बदलतो.

आराखडा मी प्लायवुडवर काढला, खऱ्या मापाचा. दिवसभर ऑफिसात संगणकापुढे बसून झाल्यावर रात्री पेन्सिल, गुण्या आणि ओळंबा घेऊन जमिनीवर बसायला मला आवडत असे, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की पुठ्ठ्याच्या विशबोन कापून त्या टाचण्यांनी प्लायवुडवर टोचल्या आणि चाक हाताने वर-खाली केले की आकड्यांत न दिसणारी गोष्ट दिसते. चाक सरळ वर जात नाही. ते एका मोठ्या वर्तुळाच्या कडेवरून जाते, आणि त्या वर्तुळाचे केंद्र गाडीत कुठेच नसते. वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा वाढवत नेल्या की त्या जिथे मिळतात, तो हवेतला एक बिंदू म्हणजे ते केंद्र. तिथे बोल्ट नाही, नळी नाही. गाडी कलली की तोही सरकतो. तरी चाकाची सगळी वागणूक त्या बिंदूच्या हातात असते. मी तो चाकापासून २,२०० मिलिमीटरवर आणि जमिनीपासून २५० मिलिमीटर उंच ठेवायचा ठरवला. त्यासाठी खालच्या आर्मचे आतले टोक बाहेरच्यापेक्षा १२ मिलिमीटर वर हवे होते आणि वरच्या आर्मचे आतले टोक १६ मिलिमीटर खाली. इतक्या लहान आकड्यांवर इतका दूरचा बिंदू लटकलेला आहे, हे प्लायवुडवर दोन दोऱ्या ताणून पाहिले तेव्हा मला खरे वाटले.

तो तिथेच का? वळणावर गाडी दोन अंश कलली, तर माझ्या गाडीत बाहेरचे चाक सांगाड्याच्या तुलनेत सुमारे २३ मिलिमीटर वर येते. सांगाड्याबरोबर चाकही दोन अंश बाहेर कलणार, आणि टायर कडेवर उभा राहणार. २,२०० च्या अंतरावरचा बिंदू त्या २३ मिलिमीटरांत चाकाला ०.६ अंश आत परत आणतो. उरलेल्या १.४ अंशांसाठी चाक उभ्या स्थितीतच दीड अंश आत कललेले ठेवायचे, म्हणजे ऐन वळणावर ते रस्त्यावर जवळजवळ सरळ उभे राहते. बिंदू आणखी जवळ आणला असता तर ही भरपाई वाढली असती, पण मग सरळ रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्यावर चाक डुललेही असते. सस्पेन्शनच्या कामात अशा देवाणघेवाणीला अंत नाही. कुठे थांबायचे हे ज्याचे त्याने आपल्या रस्त्यांकडे पाहून ठरवायचे असते, आणि वॉरिकशायरचे रस्ते वाटतात तितके गुळगुळीत नाहीत.

स्प्रिंगच्या बाबतीत मी आधी दुसऱ्यांचे ऐकले. सगळे २५० पौंडांची वापरतात, म्हणजे एक इंच दबायला २५० पौंड भार लागणारी, म्हणून मीही तीच घेतली. मग हिशेब केला. चालकासह माझ्या गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेलायचे वस्तुमान सुमारे १२० किलो, आणि चाक १० मिलिमीटर हलले तर स्प्रिंग ७ मिलिमीटर दबते. या प्रमाणाचा वर्ग करावा लागतो, म्हणजे ०.४९, स्प्रिंगचा निम्माच कडकपणा चाकापर्यंत पोचतो. तरीही त्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला २.१ वेळा डोलली असती. रेसच्या मैदानावर ते चालते, पण रोजच्या रस्त्यावर दात वाजतात. मला १.८ हवे होते, आणि त्याला १८० पौंडांची स्प्रिंग पुरत होती. चॅपमन यांच्या गाड्या मऊ स्प्रिंग आणि त्यांचे डोलणे आवरणारे व्यवस्थित डँपर यांसाठी ओळखल्या जात; तो हिशेब स्वतः मांडला तेव्हा ते का, हे मला उमगले. चाक रस्ता सोडून उडाले तर कडकपणाचा उपयोग काय?

विशबोनसाठी मी शिवण नसलेली, थंड ओढलेली पोलादी नळी घेतली. शिवण असलेली नळी सांगाड्याला चालते, पण चाकाचा भार वाहणाऱ्या भागात मला ती नको होती. नळ्यांची टोके बुशच्या पोकळ नळीवर घट्ट बसावीत म्हणून कानसीने अर्धवट चंद्रासारखी घासावी लागतात. कापायला पाच मिनिटे लागतात आणि घासायला तासभर, कारण उजेड आरपार दिसेल एवढी फट राहिली तर ती वेल्डिंगच्या रसाने भरावी लागते आणि गार होताना तो रस नळीला आपल्याकडे ओढून घेतो. दहा मिलिमीटरच्या पोलादी प्लेटवर मी जिग, म्हणजे वेल्डिंग होईपर्यंत नळ्या जागच्या जागी धरून ठेवणारा साचा, बनवला. पहिली खालची विशबोन मी एका बैठकीत, एका बाजूने सलग वेल्ड केली. वेल्ड देखणा झाला होता. जिगमधून काढून बुशमध्ये बोल्ट घातला तर तो दुसऱ्या बाजूच्या भोकात शिरेना. टोक तीन मिलिमीटर सरकले होते.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. मुंबईत पहाट झाली होती आणि ते चहा करत होते.

‘टाके समोरासमोर मारलेस का?’

‘नाही बाबा, एका बाजूनं ओढत गेलो.’

‘मग ती ओढणारच. आधी चारी बाजूंना टाके मार. मग थोडं इकडे, थोडं तिकडे. आणि हात लावता येईल इतकी गार होईपर्यंत जिगमधून काढू नकोस. पाणी तर अजिबात मारू नकोस.’

ती विशबोन मी कापून टाकली. पुढच्या चारही बाबांनी सांगितले तशा केल्या, एकेका विशबोनला एक आख्खा शनिवार, आणि चारही जोडांत बोल्ट हाताने फिरवत आत गेला. आंघोळ करून नवे कपडे घातल्यासारखे वाटले, असे मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवले आहे.

मग बाबांच्या प्रश्नाची पाळी आली. चाकाने तोंड फिरवणे याला इथे बंप स्टिअर म्हणतात. स्टिअरिंग फिरवले की डावी-उजवीकडे सरकणाऱ्या रॅकपासून चाकापर्यंत एक दांडी जाते, टाय रॉड. चाक वर-खाली होताना ही दांडीही आपल्या वर्तुळात फिरते, आणि तिचे वर्तुळ विशबोनच्या वर्तुळाशी जुळले नाही तर ती चाकाला आत किंवा बाहेर ढकलते; चालकाने हात न हलवताही गाडी वळते. हे तपासायला मी स्प्रिंग काढली, सांगाडा पाणसळ लावून ठोकळ्यांवर स्थिर केला, चाकाच्या जागी सपाट प्लेट बसवली आणि तिच्यासमोर बारीक हालचाल सुईने दाखवणारे दोन डायल गेज उभे केले. जॅकने दहा-दहा मिलिमीटर वर, दहा-दहा मिलिमीटर खाली, आणि प्रत्येक थांब्यावर दोन्ही आकडे. आलेख काढला की तो बोलू लागतो. रॅकची उंची चुकली असेल तर रेषा तिरकी पण सरळ येते. टाय रॉडची लांबी चुकली असेल तर रेषा वाकते, आणि चाक वर गेले तरी आणि खाली गेले तरी ते एकाच बाजूला तोंड फिरवते. माझी रेषा वाकडी आली. ज्या दुकानातून रॅक मागवली होती त्यांनी दुसऱ्याच मापाची पाठवली होती, आतल्या दोन जोडांमध्ये १८ मिलिमीटर जास्त. ती बदलून यायला सात आठवडे गेले. नवी बसवल्यावर रेषा सरळ झाली पण तिरकी राहिली. मग रॅकखाली पातळ पत्र्या घालत गेलो, अर्धा मिलिमीटर, एक, दीड. वर-खाली पन्नास मिलिमीटरांच्या प्रवासात सुई जवळजवळ हलली नाही, तो दिवस फेब्रुवारीतला होता आणि गॅरेजमध्ये माझा श्वास दिसत होता.

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए नावाची तपासणी पार करावी लागते. २००९ पासून ही पद्धत आहे. तपासणी कठोर असते आणि ती तशी असलीच पाहिजे, असे माझे मत आहे. सेव्हनचे सस्पेन्शन उघडे असल्याने माणसाच्या अंगाला लागू शकणाऱ्या कडांची गोलाईसुद्धा मोजतात. त्रिज्या किमान अडीच मिलिमीटर हवी. माझी गाडी दोन बोल्टांवर टोप्या नसल्याने अडली, ते किरकोळ होते. खरी अडचण स्टिअरिंगची निघाली. तपासनीसाने गाडी सावकाश वळवत नेली आणि स्टिअरिंग सोडून दिले. ते मधोमध परत यायला हवे होते. ते थोडे हलले आणि थांबले. त्याने पुन्हा करून पाहिले, मग कागदावर खूण केली आणि मला शांतपणे समजावून सांगितले. मी मान हलवली, कारण तो बरोबर होता.

स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते मुख्यतः कॅस्टरमुळे. बाजूने पाहिले तर वरचा जोड खालच्या जोडाच्या किंचित मागे असतो, सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो तसा, त्यामुळे चाक वळण्याच्या अक्षाच्या मागे ओढले जाते आणि सरळ होऊ पाहते. मी चार अंश ठेवले होते. जड गाडीला तेवढे पुरतात. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांवर इतका कमी भार होता की चार अंशांत जोडांमधल्या घर्षणावर मात करण्याएवढा जोर निर्माणच होत नव्हता. घरी बांधलेल्या पुष्कळ सेव्हन याच ठिकाणी अडल्या आहेत, हे मला ठाऊक होते, आणि तरी प्लायवुडवर मी सगळा जीव समोरून दिसणाऱ्या चित्रात ओतला होता. बाजूने दिसणारे चित्र घाईने उरकले होते.

सात अंश करायचे ठरवले. २३० मिलिमीटर उंचीवर एक अंश म्हणजे चार मिलिमीटर. तीन अंश म्हणजे बारा. वरचा जोड बारा मिलिमीटर मागे न्यायचा, इतकेच. हाताच्या बोटाच्या रुंदीपेक्षा कमी. त्यासाठी दोन्ही वरच्या विशबोन नव्याने बनवायच्या होत्या, कारण वेल्ड कापून टोक सरकवलेली नळी मला तिथे चालणार नव्हती. पुन्हा जिग, पुन्हा कानस, पुन्हा समोरासमोर टाके. तीन शनिवार लागले.

बसवल्यावर मी केवळ खात्रीसाठी डायल गेज पुन्हा लावले, आणि सुई फिरली. सरळ झालेली रेषा पुन्हा तिरकी झाली होती. काही क्षण मला काहीच सुचेना. रॅक तीच, पत्र्या त्याच, टाय रॉड तेच. मग मी चाकाशेजारी गुडघ्यांवर बसून अपराइटकडे बाजूने पाहिले आणि सगळे दिसले. वरचा जोड मागे गेला म्हणजे अख्खा अपराइट मागे कलला. टाय रॉड ज्या हाताला जोडलेला असतो तो हात अपराइटमधून पुढे आलेला असतो, जवळजवळ १२० मिलिमीटर. अपराइट तीन अंश मागे कलला की तो हात पुढच्या टोकाला सहा मिलिमीटर वर उचलला जातो. बाहेरचे टोक सहा मिलिमीटर वर गेले आणि आतले तिथेच राहिले. मी वर जोड सरकवला, आणि खाली, हातभर पुढे असलेल्या रॅकची उंची चुकली. सांगाड्यावर असे कुठलेही भोक नाही की जे बाकीच्यांना न विचारता हलवता येते. कागदावर हे मला माहीत होते. त्या रात्री ते मला गुडघ्यांखालच्या गार लादीसकट कळले.

रॅक सहा मिलिमीटर वर घेतली. सुई थांबली. दुसऱ्या तपासणीत त्याच तपासनीसाने गाडी वळवून हात वर केले, आणि स्टिअरिंग त्याच्या तळव्यांखालून फिरत, सावकाश, कुठेही न अडखळता मधोमध आले.

त्या उन्हाळ्यात बाबा आले. गॅरेजमध्ये शिरल्यावर त्यांनी गाडीच्या रंगाकडे पाहिलेही नाही. खिळ्याला टांगलेल्या जुन्या वरच्या विशबोन, चार अंशांच्या, त्यांनी उतरवून घेतल्या, वेल्डवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून नळ्या एका पातळीत आहेत का ते एक डोळा मिटून पाहिले आणि काही न बोलता परत टांगल्या. मग मी त्यांना डाव्या बाजूला बसवले आणि आम्ही फॉस वे नावाच्या जुन्या रोमन रस्त्याने निघालो. तो रस्ता लांबवर सरळ जातो, पण डांबर ठिगळाठिगळांचे आहे. दोन्ही बाजूंना गव्हाची शेते पिकून उभी होती. बाबांनी त्यातले काही पाहिले असेल असे मला वाटत नाही. कमरेतून वाकून, एक हात गाडीच्या कडेवर ठेवून ते सबंध वाटभर आपल्या बाजूचे चाक पाहत होते. एका पुलाच्या सांध्यावर चाक उडाले, खाली आले, पुढच्या ठिगळावर पुन्हा वर गेले. मी हात स्टिअरिंगवर नुसते टेकवले होते, दाबले नव्हते.

वाऱ्याच्या आवाजावर आवाज चढवून बाबा म्हणाले, ‘तोंड फिरवत नाही रे!’